उंबऱ्यावरचा प्रश्न



नगरचा इतिहास म्हटलं की चांदबीबी आठवते, भुईकोट किल्ला आठवतो. आज आम्ही एका प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. प्रश्न साधा आहे, चार शब्दांचा: ‘मरणाचा विचार येतो का?’ हा प्रश्न आपल्या भागात आजवर कोणी विचारला, कधी विचारला आणि कोणाला विचारला, याची ही गोष्ट. ऐकताना जड वाटलं तर थोडं थांबा, कुणाला तरी जवळ बोलवा. शेवटी एक फोन नंबर सांगणार आहोत, तो लिहून घ्यायला कागद-पेन जवळ ठेवा.

आम्ही इथे बोलणाऱ्या पाचजणी आहोत. दोघी आशा, एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त नर्सबाई आणि एक बचत गटाची अध्यक्ष. आमच्यातल्या दोघी मध्यंतरी प्रशिक्षणाला जाऊन आल्या. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग अशी प्रशिक्षणं आम्हाला नवी नाहीत. हे वेगळं होतं. खचलेल्या माणसाला ओळखायचं कसं, त्याच्याशी बोलायचं कसं, आत्महत्येपासून मागे आणायचं कसं, हे त्यात होतं. जोड्या करून सराव करायचा होता. एकीने खचलेली बाई व्हायचं, दुसरीने तिला सरळ विचारायचं. त्या क्षणी सगळं सभागृह गप्प झालं. एक ताई म्हणाल्या, “असं कसं विचारायचं हो? तिच्या डोक्यात नसलं तर आपणच भरवायचो.”

ही भीती खोटी आहे. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट मनावरचं ओझं हलकं होतं, हे जगभर तपासून झालेलं आहे. पण आमच्या जिभेला लागलेलं ते कुलूप एका दिवसात लागलेलं नाही. ते कसं लागलं, हे बघायला मागे जावं लागेल.

इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली. त्यात ३०९ नंबरचं कलम होतं. जो जीव द्यायचा प्रयत्न करेल त्याला एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे वाचलेल्या माणसाच्या खाटेजवळ पहिला प्रश्न घेऊन यायचा तो खाकी कपड्यातला माणूस. घरच्यांनी मग काय करावं? ‘चुकून झालं’, ‘पाय घसरला’ असं सांगायचं. आमच्या नर्सबाईंनी तीसेक वर्षांच्या नोकरीत हे किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. खरं कळत असूनही सगळे मिळून खोटं लिहायचे, आणि ज्याला आधाराची गरज होती तो माणूस त्या खोट्याच्या खाली दबून घरी जायचा.

या कलमाला पहिला मोठा धक्का आपल्या महाराष्ट्रातूनच बसला, आणि तोही एका पोलिसाच्या खटल्यातून. मुंबई पोलीस दलातला एक शिपाई रस्त्यावरच्या अपघातानंतर मानसिक आजाराने त्रस्त झाला होता. त्याने महापालिकेच्या कचेरीबाहेर जीव द्यायचा प्रयत्न केला. तो वाचला, आणि ज्या खात्यात नोकरी केली त्याच खात्याने त्याच्यावर ३०९ लावलं. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलम घटनेला धरून नाही असं ठरवलं. ज्याला उपचार हवेत त्याला तुरुंग दाखवून काय साधणार, असा त्यामागचा विचार होता. पुढे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं, पण १९९६ मध्ये मोठ्या खंडपीठाने कलम पुन्हा उभं केलं. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात म्हटलं आहे की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत ३०९ सारखं कलम उरलेलं नाही. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामात अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे. १८६० ते २०१८ म्हणजे १५८ वर्षं. आपल्या आजीच्या, पणजीच्या काळापासून हा शब्द उच्चारायचाच नाही, असं का होतं, ते आता लक्षात येईल.

पोलिसांनंतर दारात आले तलाठी भाऊसाहेब. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा सरकारने मदत ठरवली. २००६ पासून पात्र कुटुंबाला एक लाख रुपये. पात्र ठरायला जमीन घरच्यांच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं. ही मदत अनेक घरांना गरजेचीच होती. पण बघा, इथेही प्रश्न माणूस गेल्यावर विचारला गेला, आणि तो होता ‘पात्र की अपात्र’. रानात दिवसभर राबणारी बाई, जिच्या नावावर सातबारा नाही, ती तर बहुतेक वेळा शेतकरी म्हणून मोजलीच गेली नाही.

मोजण्यावरून आठवलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यात सर्वांत जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात. शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जण. आणि गृहिणी? २५,३०९. आम्ही हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा तपासला. शेतीतल्या मृत्यूंच्या दुपटीहून जास्त आपल्यासारख्या घरातल्या बाया. त्यांच्यासाठी ना मोर्चा निघाला, ना समिती बसली.

तिसरे आले डॉक्टर, पण फार लांबून. आमच्या लहानपणी ‘मनाचा डॉक्टर’ म्हणजे येरवडा. ‘येरवड्याला नेलं’ म्हटलं की त्या घराशी सोयरीक बंद. १९८२ साली देशाने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला. कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात प्रयोग झाला, की प्राथमिक आरोग्य केंद्राच्याच डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवायचं. त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. चांगली गोष्ट झाली. तरी डॉक्टर दवाखान्यात, आणि खचलेली बाई घरात. तिला तिथवर नेणार कोण?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात कधीचं तयार होतं, मैत्रिणींनो. ते मानसिक आरोग्यासाठी शोधलेलं नव्हतं, एवढंच.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. रजनीकांत हे आपल्याच जिल्ह्यातले. दोघं वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले. जामखेड म्हणजे तेव्हा दुष्काळी, रस्ता धड नसलेला भाग. सुरुवातीला जनावरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम मांडलं. आधी त्यांनाही वाटलं होतं की शिकलेल्या नर्स गावोगाव ठेवाव्यात. ते जमलं नाही. बाहेरून आलेली एकटी मुलगी गावाला परकी, आणि गाव तिला परकं. मग त्यांनी गावातलीच बाई निवडली. बऱ्याच जणी निरक्षर, काही विधवा, काही टाकलेल्या, अनेक जणी दलित वस्तीतल्या. आरोग्यसेविका म्हणून त्यांना शिकवलं.

कसं शिकवलं, ते आज आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं आहे. एकदाच बोलावून, चहा-बिस्किटं देऊन, सही घेऊन परत पाठवलं नाही. या बाया ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा जामखेडला यायच्या. वेगवेगळ्या जातीच्या, पण एकत्र जेवायच्या, एकत्र राहायच्या. या वेळी गावात काय झालं, कोणाचं मूल दगावलं, कोणत्या सासूने दार लावून घेतलं, ते एकमेकींना सांगायच्या, आणि त्यातून शिकून परत जायच्या. १९७१ च्या सुमारास त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. पाच वर्षांत तो आकडा ५२ वर आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव आशा नेमल्या गेल्या, तेव्हा ‘गावातलीच बाई’ हा विचार देशाला परका राहिला नव्हता. आम्ही दोघी आशा त्याच वाटेने आलेल्या.

त्याच जामखेडात २००७ च्या सुमारास मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर एक पाहणी झाली. २४० गावकरी आणि ६० आरोग्यसेविका यांना मानसिक त्रास असलेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या आणि विचारलं, याला काय झालं असेल? शहरातल्यांना वाटतं की खेड्यात सगळे ‘बाहेरचं झालं’ म्हणणार. तसं झालं नाही. बहुतेकांनी कारणं सांगितली ती जगण्यातली, भोवतालच्या परिस्थितीतली. भूत-भानामती सांगणारे थोडे. बाया, गरीब, हाताला काम नसलेले यांना धोका जास्त, हेही त्यांनीच सांगितलं. तिथल्याच स्त्रियांशी बोलून केलेल्या दुसऱ्या अभ्यासात गरिबी आणि बाईला मिळणारी दुय्यम वागणूक ही मनाच्या दुखण्याची मोठी कारणं म्हणून पुढे आली. म्हणजे आपल्याला समजत नाही असं नव्हतंच. समजत होतं. बोलायचं कसं आणि बोलून पुढे न्यायचं कुठे, हे कोणी शिकवलं नव्हतं.

ते शिकवायचे प्रयत्न गेल्या पंधरा वर्षांत आसपास झाले. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवलं आणि त्यांच्यामागे समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी उभी केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या चारजणांना मदत मिळत होती, दीड वर्षाने सत्तावीसजणांना मिळू लागली. वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असं सांगणारे शंभरात पाच होते, ते अडीचवर आले. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रयोग झाला. गावातल्याच माणसांनी मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवून लोकांना बोलतं करायचं, असं त्याचं रूप. २०१५ मध्ये राज्य सरकारने ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. आशांनी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, त्रास दिसला तर पुढे पाठवायचं, जिल्हा रुग्णालयात त्यासाठी माणसं नेमायची. तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी होता. बीड त्यात होता, नगर नव्हता. जामखेड-पाथर्डीतून बीड जिल्हा हाकेच्या अंतरावर. दुष्काळ तोच, कर्ज तेच. लेकीही तिकडे दिलेल्या आणि तिकडून आणलेल्या.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं. २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करायचे, आणि त्यासाठी लोकांच्या रोजच्या संपर्कातल्या माणसांना शिकवायचं. आता प्रश्न विचारायची पाळी आमच्यावर आली, ती अशी.

पण शिकवायचं किती? इथे एक परदेशातली गोष्ट ऐका. स्वीडनमध्ये गॉटलंड नावाचं एक बेट आहे. १९८३-८४ मध्ये तिथल्या सगळ्या साध्या डॉक्टरांना नैराश्य ओळखायचं प्रशिक्षण दिलं. दोन वर्षांत बेटावरच्या आत्महत्या उतरल्या. सगळ्यांना आनंद झाला. मग प्रशिक्षण थांबलं, काही डॉक्टर बदलून गेले, आणि १९८८ पर्यंत आकडा जवळजवळ पुन्हा होता तिथे आला. जामखेडच्या निरक्षर बाया पुन्हा पुन्हा का भेटत होत्या, याचं उत्तर त्या बेटावर मिळतं. शिकलेलं विटतं. त्याला ताक-विरजणासारखं चालू ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणांची, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली. जीव द्यायच्या प्रयत्नातून वाचलेल्या अठराशेहून जास्त लोकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय तासभर नीट बोलणं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. कसं चाललंय, काही हवं का, एवढंच. दीड वर्षाने पहिल्या गटात हजारातले बावीसजण आत्महत्येने गेलेले होते, दुसऱ्या गटात हजारातले दोन. कोणतं महागडं औषध नाही. पुन्हा जाणं, एवढंच.

हे वाचलं तेव्हा आम्हा पाचजणींना एकच बाई आठवली. नाव, गाव सांगणार नाही. तिने भिशीचे पैसे मुदतीआधी देऊन टाकले. उसनी आणलेली भांडी घासून-पुसून घरोघर परत केली. धाकटीला मामाकडे पोचवलं. आम्ही म्हणालो, “बरं झालं, मोकळी झालीस.” ती हसली. आम्ही तिच्या दारात महिन्यातून चार वेळा जात होतो, बाळाचं वजन विचारत होतो, गोळ्या घेतल्या का विचारत होतो. चार शब्दांचा तो प्रश्न आमच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये नव्हता. ती गेली. त्यानंतर आम्ही जमलो की कोणी तिचं नाव घेत नव्हतं. हे भाषण लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा घेतलं.

म्हणून आता आम्ही काय करतो ते सांगतो. आवरासावर, निरवानिरव, आवडीच्या वस्तू देऊन टाकणं, जेवणखाण सुटणं, झोप उडणं, ‘माझा काय उपयोग’ अशी बोली, फार दिवस रडून अचानक शांत होणं, हे दिसलं की थांबतो. चारचौघांत बोलत नाही. घरात कोणी नसताना, ओट्यावर किंवा पाणी भरायच्या वाटेवर विचारतो. आडून नाही, सरळ: “वहिनी, जीव नकोसा होतोय का? मरणाचा विचार येतो का?” मग गप्प बसतो. ‘लेकरांकडे बघ’, ‘एवढंसं मनाला काय लावून घेतेस’ ही वाक्यं आम्ही जिभेवरून पुसून टाकलीत. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटीला सोडत नाही. जे धोक्याचं आहे ते घरातून हलवायला तिच्या विश्वासातल्या माणसाला सांगतो. ती तीव्र घटका निघून जाते, ती निघून जाईपर्यंत मध्ये अंतर आणि माणूस हवा. श्रीलंकेने अतिविषारी शेती-औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथलं आत्महत्येचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, ते याच कारणाने. मग डॉक्टरांपर्यंत सोबत जातो. नुसती चिठ्ठी देत नाही. आणि दोन दिवसांनी परत जातो.

मध्यंतरी एका घरी असं विचारलं. बाई म्हणाली, “चहा घेता का?” आम्ही चहा घेतला आणि आलो. दुसऱ्यांदा गेलो, तिने कांद्याच्या भावावर बोलणं काढलं. तिसऱ्यांदा तिने दार लोटून घेतलं आणि अर्धा तास बोलली. आता ती दर महिन्याला तालुक्याला औषधाला जाते. कधी कधी एसटीत आमच्या शेजारीच बसते.

एक मागणीही आहे. हे प्रशिक्षण फक्त आशांना देऊन भागणार नाही. घरात नोटीस घेऊन जाणारे तलाठी, वसुलीचे साहेब, वीज तोडायला येणारा वायरमन, पंचनाम्याला येणारे कृषी सहायक, एसटीचे वाहक, पोलीस पाटील, ही सगळी माणसं लोकांना त्यांच्या सर्वांत वाईट दिवशी भेटतात. त्यांनाही हा प्रश्न विचारता आला पाहिजे. मागे हात द्यायला मानसोपचाराची माणसं हवीत, नाहीतर विचारून आम्ही तिला नेणार कुठे? प्रशिक्षण दर काही महिन्यांनी पुन्हा हवं. आणि विचारणारीलाही कोणी विचारलं पाहिजे. मोबदल्यावर राबणारी, रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावणारी, दुसऱ्याचं दुःख ऐकून घरी येऊन स्वयंपाकाला लागणारी आशा ताईसुद्धा माणूस आहे. आम्ही पाचजणींनी ठरवलंय, दर अमावास्येला एकीच्या घरी बसायचं आणि आधी एकमेकींना विचारायचं. जामखेडच्या बायांकडून आम्ही एवढं तरी घेतलं.

आता नंबर लिहून घ्या. १४४१६. एक-चार-चार-एक-सहा. हा टेलिमानसचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. नंबर चुलीमागच्या भिंतीवर लिहून ठेवा, मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा.

आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाला आत्ताच हे आपल्याबद्दल वाटत असेल, तर ताई, तू गुन्हा केलेला नाहीस. कायदाही आता तेच म्हणतो. शेजारणीचं दार वाजव, आशा ताईला हाक मार, नाहीतर तो नंबर लाव. आम्ही पुढच्या मंगळवारी याच वेळेला पुन्हा येतो.